पास, रुमणे, चाडे: औतांच्या नावांची नोंद हवी

कपाशीच्या दोन ओळींमधून डवरा हाकणाऱ्या माणसाला औताच्या प्रत्येक लाकडाचे आणि लोखंडाचे नाव ठाऊक असते. मातीखालून तण कापत जाते ती पास. पासला दोन्ही टोकांशी धरून ठेवतात ती जानकुळे. जानकुळे ज्या आडव्या, जाड लाकडात ठोकलेली असतात ते खोड. कुठे त्याला दिंडही म्हणतात. खोडातून पुढे बैलांकडे जाते ती दांडी आणि मागे माणसाच्या मुठीत येते ते रुमणे. दांडीच्या पुढच्या टोकाला जू, जुवात शिवळा, शिवळांना जोते, बैलाच्या नाकात वेसण, तिथून मागे आलेला कासरा आणि हाकणाऱ्याच्या हातात तुतारी. तुतारीच्या टोकाला आर.

एका साध्या औताची ही डझनभर नावे. पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत ती शोभेची नाहीत, कामाची आहेत. पास झिजली की लोहाराला पासच म्हणून सांगावे लागते आणि जानकूळ हलू लागले की सुताराला जानकूळच दाखवावे लागते. पण इथला मुलगा शाळेत जातो तेव्हा यातले एकही नाव त्याच्या पुस्तकात नसते. घरात ऐकलेले नाव घरातच राहते आणि घरातून औत गेले की नावही जाते.

मध्य प्रदेशच्या नकाशावर पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा ऑक्टोबर 2023 मध्ये आला. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे भाग वेगळे काढून तो तयार झाला. नव्या जिल्ह्याला कचेरी मिळाली, अधिकारी मिळाले. आता त्याने आपल्या शेतीच्या अवजारांची, त्यांच्या भागांची आणि त्या भागांच्या नावांची सचित्र नोंद करून घ्यावी. हे काम शाळांमधून व्हावे आणि लवकर व्हावे.

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघाले की सिल्लेवानीचा घाट उतरावा लागतो. वर सातपुड्याचे पठार, खाली रामाकोना, सौंसर, लोधीखेडा असा नागपूरच्या मैदानाला लागलेला पट्टा. माती काळी. पिके कपाशी, ज्वारी, तूर, सोयाबीन, आणि त्यांच्या जोडीला संत्र्याच्या बागा. घाटाबरोबर बोलीही बदलते. वरचा शेतकरी ज्याला बक्खर म्हणतो त्याला खालचा वखर म्हणतो. पांढुर्ण्याकडे वळले तर नरखेड, काटोल, वरूड हे महाराष्ट्रातले तालुके हाकेच्या अंतरावर आहेत. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा, बोलीही तीच.

1956 पर्यंत राज्यही एकच होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा आपल्या मराठी तालुक्यांसह नव्या मध्य प्रदेशात राहिला. शेताच्या धुऱ्यांवर त्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो कागदावर. शाळेची, कचेरीची आणि शेतीखात्याच्या पत्रकांची भाषा हिंदी झाली. मराठीचे कोश, सर्वेक्षणे आणि विद्यापीठे महाराष्ट्राच्या हद्दीत काम करत राहिली. त्यामुळे पांढुर्णा आणि सौंसरचा शेतकरी जे शब्द वापरतो ते भोपाळच्या कागदात येत नाहीत, कारण ते मराठी आहेत. आणि पुण्या-मुंबईच्या कागदात क्वचितच येतात, कारण ते सीमेपलीकडचे आहेत.

मराठीत शब्दसंग्रहाची परंपरा मोठी आहे. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात बाहेर पडले आणि त्यांत वऱ्हाडी, नागपुरी शब्दांपुढे प्रांताची खूणही आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गांव-गाडा’त गावाची सगळी रचना आणि बलुतेदारांचा व्यवहार तपशिलाने येतो. या ग्रंथांनी केलेले काम थोर आहे. पण कोशात शब्द वर्णक्रमाने येतो. पास एका खंडात, जानकूळ दुसऱ्यात, रुमणे तिसऱ्यात. वखर समोर ठेवून त्याचे सगळे भाग एका पानावर, चित्रासह पाहायचे असतील तर कोश अपुरा पडतो.

वखराला या पट्ट्यात एवढे महत्त्व का, हे मातीवरून कळते. काळी जमीन उन्हाळ्यात तडकते आणि पावसात चिकट होते. ती दरवर्षी खोल नांगरण्यापेक्षा उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या द्यायच्या, ही इथली जुनी रीत. रुंद, सरळ पास जमिनीखालून आडवी सरकते, तणाची मुळे कापते आणि वरचा थर भुसभुशीत करते. त्या मोकळ्या थराखाली ओल टिकून राहते. डवरा हे त्याचेच लहान रूप. त्याची पास आखूड असते, कारण तिला उभ्या पिकाच्या दोन ओळींमधून जायचे असते. दोन्ही औतांचे भाग बरेचसे सारखे आणि नावेही सारखी. ज्याला वखर कळला त्याला डवरा निम्मा कळला.

तिफण वेगळी. तिच्या खोडात तीन फण बसवलेले असतात आणि प्रत्येक फणामागे बांबूची नळी. तिन्ही नळ्या वर जाऊन ज्या लाकडी भांड्याला मिळतात ते चाडे. चाड्याच्या तळाला तीन छिद्रे असतात. पेरणारा त्यावर मूठ धरतो आणि बोटांच्या फटीतून बियाणे सोडत जातो. पेरा दाट पडणार की विरळ, हे त्या मुठीवर ठरते. तुरीसारखे पीक वेगळ्या ओळीत घ्यायचे असेल तर तिफणीमागे दोरीने बांधलेली एक सुटी नळी धरतात, ते सरते. सरत्यामागे बहुधा घरची किंवा मजुरीची बाई चालते. म्हणजे तिफणीची अर्धी विद्या बायकांच्या हातात आहे. विठ्ठल वाघ यांच्या कवितेने तिफण महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचवली. तिचे चाडे आणि सरते मात्र पेरणी करणाऱ्यांच्या तोंडीच राहिले.

या औताकडे परक्या माणसाने आदराने पाहिल्याची नोंद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हॅल्कॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतात अशा नळीच्या औताने पेरणी होताना पाहिली. ओळीत पेरणारे यंत्र हा युरोपचा अलीकडचा शोध आहे, असा त्याचा तोवरचा समज होता. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलचे पेरणीयंत्र अठराव्या शतकाच्या आरंभी आले होते. इथे साधे शेतकरी तेच काम लाकूड, बांबू आणि दोरीच्या औताने करत होते. हॅल्कॉटने लिहिलेली माहिती 1797 मध्ये इंग्लंडच्या कृषी मंडळाच्या प्रकाशनात छापली गेली. धरमपाल यांनी 1971 मधल्या आपल्या ग्रंथात ती पुन्हा भारतीय वाचकांपुढे ठेवली.

अवजाराच्या भागांची नावे लिहून ठेवणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात नांगराचे आठ भाग नावानिशी दिले आहेत: ईषा, युग, स्थाणू, निर्योल, पाशिका, अड्डचल्ल, शौल आणि पच्चनी. तो ग्रंथ नावांवर थांबत नाही, मापेही देतो. ईषा पाच हातांची, निर्योल दीड हाताचा. कोणीतरी सुताराजवळ बसून, लाकडाला हात लावून ही माहिती घेतली असणार. पांढुर्ण्याच्या नोंदीलाही हेच हवे: नाव, माप, लाकूड, आणि भाग बसवण्याची रीत.

दूरच्या एका वस्तूशी तुलना केली तर आपली उणीव नेमकी कळते. इंग्लंडमध्ये जेवणाचा काटा उशिरा आला. थॉमस कोर्याट या प्रवाशाने 1611 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात इटलीतले लोक काट्याने मांस धरून खातात असे लिहिले, तेव्हा त्याच्या देशात ती नवलाची गोष्ट होती. आज त्या काट्याच्या दात्याला, दात्यांमधल्या फटीला, दाते जिथे जुळतात त्या मुळाला, मानेला आणि मुठीला वेगवेगळी नावे आहेत. ती शब्दकोशांत आहेत, कारखान्यांच्या माहितीपत्रकांत आहेत. रोजच्या वापरातली वस्तूही नीट पाहण्याजोगी असते, एवढे तिथल्या समाजाने मानले. चार दात्यांच्या काट्याला जो मान मिळाला तो तीन फणांच्या तिफणीला मिळायला हवा. तिफण तर घराला वर्षभर पुरेल एवढे धान्य पेरते.

नावांचा उपयोग शेतात रोज होतो. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी एक सोपा सल्ला कृषितज्ज्ञ वर्षानुवर्षे देत आले आहेत. डवरणीच्या शेवटच्या पाळीला डवऱ्याच्या जानकुळांना दोरी गुंडाळावी. मग माती दोन्ही बाजूंना सरकते, ओळीला भर लागते आणि मधे सरी पडते. पाऊस आला की पाणी सरीत मुरते, जास्त झाले तर सरीतून निघून जाते. खर्च दोरीपुरता. आता हाच सल्ला हिंदी पत्रकात आला आणि जानकुळाच्या जागी ‘यंत्र के निचले भाग में’ असे लिहिले गेले, तर वाचणाऱ्याने दोरी कुठे बांधायची? पासला बांधली तर पास कापणार नाही, खोडाला बांधली तर सरी पडणार नाही. नेमके नाव माहीत नसेल तर चांगला सल्लाही वाया जातो.

नांगराचेही तसेच. जू आणि नांगराची दांडी यांना जोडणारी दोरी मागेपुढे सरकवली की फाळाचा कोन बदलतो आणि तास किती खोल जाणार हे बदलते. बापाने मुलाला शिकवताना सरकवायचे काय, किती आणि कुठे, हे नावांनीच सांगितलेले असते. भागाचे नाव विसरले की त्याची ही जुळणीही विसरली जाते. मग ‘जमीन कडक आहे’ एवढेच उरते आणि उपाय म्हणून भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला जातो.

बाजारात याच्या उलट चित्र दिसते. मोटारसायकलीच्या पुढच्या फोर्कचा पाइप वाकला तर पांढुर्ण्याच्या दुकानात फोर्क पाइप म्हणून मागता येतो, ऑइल सील म्हणून मागता येते. प्रत्येक भागाला नाव आहे, क्रमांक आहे, कंपनीच्या पुस्तकात चित्र आहे. म्हणून दुरुस्ती होते. डवऱ्याच्या भागांना नावे आहेत, पण पुस्तक नाही. ते पुस्तक तयार करणे अवघड नाही.

अवघड होत चालले आहे ते सांगणारी माणसे गाठणे. औते घडवणारे सुतार, ज्यांना विदर्भात अनेक गावांत वाढई म्हणतात, लाकूड पाहून भाग ठरवत. बाभूळ चिवट आणि गावातच मिळणारी, म्हणून औतांना ती जास्त. जिथे मार सोसायचा तिथे धावडा किंवा तिवस. ही झाडे सातपुड्याच्या उतारांवर वाढतात, त्यामुळे हा पट्टा त्या बाबतीत नशीबवान होता. आता जंगलातून लाकूड आणण्यावर निर्बंध आहेत आणि लाकडाचे दरही चढे आहेत. बरीचशी औते लोखंडी पाइप आणि पट्ट्या जोडून बनतात. वेल्डिंगच्या दुकानात त्याच भागांना पट्टी, अँगल, पाइप अशी मालाची नावे मिळतात. वेल्डिंग करणाऱ्याचा यात दोष नाही. तो चांगले काम करतो आणि त्याची औते टिकतात. पण खोड, जानकूळ आणि दांडी यांतला फरक त्याच्या बिलात दिसत नाही. बाभळीतून जानकूळ कोरून काढणारे हात म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्या मागे शिकणारे थोडे आहेत.

ट्रॅक्टर आल्यावर या नावांचे काय काम, असे काही जण विचारतात. प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर ट्रॅक्टरच्या मागेच जोडलेले आहे. ट्रॅक्टरच्या ज्या औताला गावात पंजी किंवा पंजा म्हणतात, त्याच्या दात्यांना शेतकरी फणच म्हणतो. पलटी नांगराच्या टोकाला फाळ म्हणतो. ट्रॅक्टरला जोडायच्या पेरणीयंत्रालाही अनेक जण तिफणच म्हणतात. जुनी नावे नव्या लोखंडावर आपोआप बसली, कारण काम तेच होते. ज्या मुलाला फण म्हणजे काय आणि दोन फणांमधले अंतर का महत्त्वाचे हे आजोबांच्या तिफणीवरून कळले आहे, तो ट्रॅक्टरच्या यंत्राची जुळणीही लवकर शिकेल. शिवाय डवरा अजून गेलेला नाही. कपाशी वाढली की ट्रॅक्टर ओळीत घालता येत नाही आणि लहान तुकड्यात वळवता येत नाही. तिथे बैलजोडीच लागते.

दुसरा आक्षेप असा येईल की हे सगळे म्हणजे मराठीचा आग्रह, आणि हिंदी राज्यात त्याने उगाच वाद होतील. पण ही नोंद एका भाषेची असूच शकत नाही. या जिल्ह्यात मराठी आहे, हिंदी आहे, गोंडी आहे आणि पवार समाजाची पवारी किंवा भोयरी बोली आहे. या सगळ्यांच्या शेतात वखर चालतो. चित्र एक आणि त्याखाली चार रकाने, अशीच नोंद खरी होईल. बक्खर आणि वखर शेजारी शेजारी लिहिले की मुलाला दोन्ही कळतील. गोंडी बोलणाऱ्या मुलीने तिच्या घरातला शब्द तिसऱ्या रकान्यात लिहिला तर तो पहिल्यांदाच शाळेच्या कागदावर येईल. यात कोणाचेही काही हिरावले जात नाही.

मराठी वाचकांनाही यात स्वारस्य असायला हवे, कारण त्यांची रोजची भाषा या औतांवरच उभी आहे. वर्तमानपत्रात महागाईला वेसण घातली जाते, पक्षाची धुरा कोणाच्या तरी खांद्यावर येते, प्रशासनाचा कासरा ढिला सुटतो, कर्जाचे जू मानेवर बसते. धुरा बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, कोणत्या भागाला म्हणतात आणि तिचा भार बैलाच्या मानेवर कसा येतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या वाक्याचे वजन कळते.

असे काम आपल्या देशात एकदा मोठ्या निष्ठेने झाले आहे. जॉर्ज ग्रिअर्सन हा अधिकारी बिहारमध्ये असताना त्याने ‘बिहार पेझंट लाइफ’ हा ग्रंथ तयार केला. तो 1885 मध्ये निघाला. त्याची सुरुवातच शेतीच्या अवजारांपासून होते. नांगराच्या एकेका भागाला गंगेच्या उत्तरेला काय म्हणतात, दक्षिणेला काय, कोणत्या जिल्ह्यात शब्द बदलतो, हे त्यात चित्रांसह आहे. बैलगाडी, कोल्हू, मोट, माग, सगळ्यांचे भाग आहेत. बिहारी बोलींच्या अभ्यासकांना आजही तो ग्रंथ उघडावा लागतो.

पुढे याच ग्रिअर्सनने भारतीय भाषांचे सर्वेक्षण केले. त्याचा मराठीचा सातवा खंड 1905 चा, आणि त्यात नागपुरी मराठीला स्वतंत्र जागा आहे. पण त्या मोठ्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून मुख्यतः बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर घेतले गेले. व्याकरणासाठी ते उपयोगी होते. त्या गोष्टीत वखर नव्हता, म्हणून नागपुरीच्या नमुन्यात पास आणि चाडे आले नाहीत. बिहारच्या शेतकऱ्याला जे 1885 मध्ये मिळाले ते सातपुड्याच्या पायथ्याच्या मराठी शेतकऱ्याला अजून मिळायचे आहे.

शेजारी एक चांगले उदाहरण आहे. छिंदवाड्यातल्या बादल भोई आदिवासी संग्रहालयात गोंड, भारिया आणि इतर समाजांची घरे, दागिने, हत्यारे, शेतीची साधने जपून ठेवली आहेत. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशभरातली घरे उघड्यावर उभी आहेत. वस्तू जपायची सवय या राज्याला आहे. घाटाखालच्या काळ्या मातीतल्या औतांसाठी तीच सवय वापरायची आहे. संग्रहालयासाठी इमारत लागते आणि पैसा लागतो. नोंदीसाठी आधी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.

काम कसे व्हावे हेही ठरवता येते. पोळा हा त्यासाठी सगळ्यांत योग्य काळ. पांढुर्ण्याचे नाव देशभर ऐकू येते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे. दरवर्षी माणसे जखमी होतात आणि कॅमेरे तेच दाखवतात. त्याच्या आदल्या दिवशी मात्र बैलांना अंघोळ घातली जाते, शिंगे रंगवली जातात, झुली आणि घुंगुरमाळा निघतात. पोळा येईतो पेरण्या उरकलेल्या असतात, डवरणी ओसरलेली असते, औते घरी आलेली असतात आणि म्हाताऱ्या माणसांना बोलायला वेळ असतो. पोळ्याच्या आधीच्या पंधरवड्यात सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाने गावातल्या एका औताचे चित्र काढावे. प्रत्येक भागावर बाण ओढून त्याचे नाव लिहावे, जसे घरात बोलतात तसे. शुद्धलेखनाचे लाल शेरे त्यावर मारू नयेत. ‘रुमणे’ नव्हे, ‘रुमनं’ ऐकू आले तर ‘रुमनं’च लिहावे.

त्या पानावर आणखी काही गोष्टी असाव्यात. गावाचे नाव, लाकूड कोणते, भागाची लांबी, तो भाग झिजला की कोण दुरुस्त करतो. सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव लिहावे, कारण माहिती त्याची आहे. तिफणीची नोंद करताना सरते धरणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय पान पूर्ण समजू नये. शक्य असेल तिथे मोबाइलवर उच्चार ध्वनिमुद्रित करावा; आज जवळजवळ प्रत्येक शिक्षकाकडे तेवढी सोय आहे. नांगर, वखर, डवरा, तिफण आणि बंडी या पाचांपासून सुरुवात करावी. मोट आणि खळ्यातली दाताळी यांची माहिती अजून कोणी देऊ शकेल तर तीही घ्यावी. संत्र्याच्या बागेत कलम बांधण्याची, आळे करण्याची, फळ तोडण्याची साधने पुढच्या वर्षी.

एका पट्ट्यातल्या गावोगावच्या पानांची तुलना केली की कुठे जानकूळ आहे आणि कुठे जानोळे, कुठे खोड आहे आणि कुठे दिंड, याचा नकाशाच तयार होईल. तो नकाशा वाचायला भाषेचे अभ्यासक लागतील, आणि ते जवळच आहेत. नागपूरला विद्यापीठ आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, अकोल्याला 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे. महाराष्ट्र शासनाने 1992 मध्ये राज्य मराठी विकास संस्था स्थापन केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सोहळे झाले, भाषणे झाली. त्या दर्जामागे जो अभ्यास अपेक्षित आहे त्यात पांढुर्णा आणि सौंसरच्या शेतातली मराठी आली पाहिजे. राज्याची हद्द ही भाषेच्या अभ्यासाची हद्द मानण्याचे काहीच कारण नाही.

पहिले पाऊल मात्र पांढुर्ण्यानेच उचलायचे आहे. जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांचे एक परिपत्रक, शाळांना पाठवायचा एका पानाचा नमुना आणि जमा झालेली पाने ठेवण्यासाठी जिल्हा ग्रंथालयात एक कपाट, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. त्यातली निवडक पाने पुढे चारही भाषांत छापून शाळांना आणि कृषी विभागाला द्यावीत. डवऱ्याला दोरी बांधण्याचे पुढचे पत्रक निघेल तेव्हा त्यात जानकूळ हा शब्द चित्रासह असावा, आणि त्यासाठी येत्या पोळ्याआधी ते परिपत्रक शाळांपर्यंत पोहोचावे.